विदर्भकन्येचे पत्र

वाशीम जिल्ह्यातील आसेगावी, आजीच्या घरी, दिवाबत्तीनंतर एकनाथांचे ‘रुक्मिणीस्वयंवर’ प्रथम कानी पडले तेव्हा मी आठ वर्षांची होते. पोथी वाचत असे माझी आत्या. उपवर मुलीने हे पारायण केल्यास मनाजोगता वर मिळतो, या श्रद्धेने आजीने तिला पाटावर बसविले होते. आम्हा मुलांना फलश्रुतीशी कर्तव्य नव्हते. कृष्णाचा रथ वेळेत पोहोचेल ना, एवढीच चिंता असे. आणि पराभूत रुक्मीची दाढी-मिशी भादरली जाताना हसू आवरत नसे. त्या काव्याचा लागलेला लळा आजतागायत सुटलेला नाही.

एकनाथांनी हे काव्य १५७१ मध्ये काशीत पूर्ण केले. त्याचे प्रसंग अठरा आणि ओव्या १७१२. कथा भागवताच्या दशम स्कंधातील. विदर्भराज भीष्मकाची कन्या कृष्णाचे गुण ऐकून त्याला मनोमन वरते. भाऊ रुक्मी मात्र तिला शिशुपालास देण्याचे ठरवितो. तेव्हा ती एका ब्राह्मणाच्या हाती द्वारकेला पत्र धाडते. मूळ भागवतात हे पत्र अवघ्या सात श्लोकांचे आहे. पण त्यात प्रेमाच्या कबुलीबरोबर सुटकेची योजनाही आहे. विवाहाच्या आदल्या दिवशी कुलरीतीप्रमाणे वधू नगराबाहेर देवीच्या दर्शनास जाते. तेथून मला न्यावे, म्हणजे अंतःपुरात शिरून आप्तांचा वध करावा लागणार नाही, असे ती सुचविते.

या कथेशी विदर्भाचे नाते जुने आहे. अमरावती जिल्ह्यातील वर्धाकाठचे कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर मानले जाते आणि आषाढी वारीसाठी तेथून तिची पालखी पंढरपूरला जाते. एकनाथांच्या सुमारे तीन शतके आधी, त्याच जिल्ह्यातील रिद्धपुरी, गोविंदप्रभूंच्या सान्निध्यात महदंबेने याच विवाहाचे ‘धवळे’ गायिले. ती मराठीची आद्य कवयित्री मानली जाते. १२९२ च्या सुमारास महानुभाव कवी नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ रचले. रामदेवराव यादवाने ते आपल्या नावावर करून मागितले आणि नरेंद्राने नकार दिला, अशी महानुभाव परंपरेतील आख्यायिका आहे.

पुढे महाविद्यालयात समजले की, एकनाथांच्या दृष्टीने हा विवाह म्हणजे जीव-शिवाचे ऐक्य होय. लहानपणीची प्रेमकथा मग खोटी ठरली काय? मला तसे वाटले नाही. नाथांनी वेदान्त सांगितला तो मराठी लग्नघरातील लगबगीतून, रुखवतातून आणि मानापमानातून. म्हणूनच तत्त्वज्ञानाची परिभाषा न जाणणाऱ्या बायकांनाही तो आपलासा वाटला.

एक विसंगती मात्र वय वाढले तशी टोचू लागली. मनाजोगता वर मिळावा म्हणून मुलींनी वाचावयाचे हे काव्य. पण तो कोणाच्या मनाजोगता, हे वाचणारीला कोणी विचारत नसे. स्वतःचा वर स्वतः निवडणाऱ्या, वडील भावाचा निर्णय नाकारणाऱ्या मुलीची कथा घरोघरी आज्ञाधारकपणे वाचली गेली. आत्याचेही लग्न वडीलधाऱ्यांनीच ठरविले. संसार नीट झाला. तक्रार तिने कधी केली नाही.

काही वर्षांपूर्वी आसेगावच्या त्याच घरी मी तिला म्हटले, ‘‘आत्या, पोथी वाचताना तुम्ही पत्राच्या प्रसंगी फार हळू वाचायच्या.’’ ती हसून म्हणाली, ‘‘हळू नाही गं, दोनदा वाचत होती. आईच्या ध्यानात नाही आलं कधी.’’

आता तिला अक्षर दिसत नाही. पोथी मी वाचून दाखविते. प्रारंभ कोठून करावयाचा, हे विचारावे लागत नाही. पत्राचा प्रसंग आधी, आणि तो दोनदा.