पुरात भिजलेली गाडी आणि तिचा ‘मेंदू’

मैत्रिणींनो, 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापुरात महापूर आला, तेव्हा घरांबरोबर गाड्याही पाण्याखाली गेल्या. अशा भिजलेल्या गाड्या धुऊनपुसून स्वस्तात विकायला येतात. आपल्या सांगोल्यात डाळिंब न्यायला जुनी गाडी घेणारे गट आहेत, म्हणून हे सांगतो.

इंजिनात डिझेल कधी, किती सोडायचं हे एक छोटा कॉम्प्युटर ठरवतो. गॅरेजवाले त्याला ईसीएम म्हणतात. पाणी शिरलं की तो आतून गंजतो. “दुसऱ्या गाडीचा बसवू,” असं सांगतात, पण नुसता बसवून भागत नाही. बऱ्याच गाड्यांत चावीत चिप असते. तिचा कोड जुळला नाही तर स्टार्टर फिरतो, इंजिन काही चालू होत नाही. मग मशीन जोडून चेसिस नंबर, चावीचा कोड आणि डिझेल गाडीत बहुधा इंजेक्टरचे कोडही भरावे लागतात. जुना ईसीएम वाचता आला तर त्यातलीच माहिती नव्यात उतरवतात. त्याआधी वायरिंगच्या जोडांतला हिरवट गंज काढायलाच हवा, नाहीतर नवाही जळू शकतो.

गाडी दारात उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून आम्ही आधी मॅट उचलून खाली चिखल बघतो, सीटबेल्ट पूर्ण ओढतो, चेसिस नंबर आरसी बुकाशी ताडतो. ईसीएम बदललेला असेल तर कोडिंगची पावती मागतो.