मणक्याची इजा : मासा पुन्हा पोहतो, माणसाचे काय?

ऊसतोडीला गेलेला माणूस भरलेल्या ट्रॅक्टरवरून पडतो, कुणी विहिरीत पडतो. कमरेखालचे अंग लुळे पडते. मग घरचे विचारतात, तुटलेली नस पुन्हा जुळते का?

हातापायातली तुटलेली नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढू शकते. मणक्याच्या आतल्या मज्जारज्जूचे तसे नाही. तिथे इजेच्या जागी व्रण धरतो आणि काही रसायने तंतूंची वाट अडवतात. १९८१ मध्ये कॅनडातील डेव्हिड आणि अग्वायो यांनी उंदरांच्या मज्जारज्जूला पायातल्या नसेचा तुकडा जोडला. त्यातून तंतू सुमारे ३ सेंटिमीटर वाढले. म्हणजे दोष एकट्या तंतूंचा नव्हता, भोवतालचाही होता.

झेब्राफिश हा आपल्याच उपखंडातला पट्टेदार छोटा मासा. त्याचा मज्जारज्जू पूर्ण कापला तरी ६ ते ८ आठवड्यांत तो पुन्हा पोहू लागतो. कापलेल्या दोन टोकांमध्ये आधारपेशी पूल बांधतात. त्यासाठी एक प्रथिन लागते, हे २०१६ मध्ये दिसून आले. त्या संशोधनातले एक शास्त्रज्ञ चिन्मय पात्रा पुढे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत आले.

पण हे माशात आणि उंदरात झाले. माणसाचा तुटलेला मज्जारज्जू जोडणारे औषध आज नाही. म्हणून ‘स्टेम सेलच्या सुईने चालायला लावतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागून शेत विकू नका, उचल घेऊ नका. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या नियमांनुसार मान्य चाचणीबाहेर असा उपचार करता येत नाही, आणि चाचणीतल्या रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. करणी, मागच्या जन्मीचे पाप, हेही कारण नव्हे.

आपल्या हातात काय आहे?

पडलेल्याला हातपाय धरून उचलू नका, बसवू नका, मोटारसायकलवर मध्ये धरून नेऊ नका. १०८ ला फोन करा. हलवावेच लागले तर चौघांनी मान, पाठ, कंबर एका रेषेत ठेवून फळीवर घ्या. अर्धवट दुखावलेला मज्जारज्जू अशाने वाचू शकतो.

घरी आणल्यावर दर दोन तासांनी कूस बदला, पाठ आणि टाचा रोज तपासा. लघवीची नळी स्वच्छ ठेवा. ताप आला तर दवाखाना गाठा. व्यायाम थांबवू नका. सरकारी रुग्णालयातून दिव्यांग प्रमाणपत्र काढा, तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज भरा. तो आपला हक्क आहे.