पाचशेच्या नोटेत तंजावर

रामेश्वर करून आलेल्या तुमच्यापैकी किती जणी आहेत? गावागावात दोन-चार तरी निघतील. आता दुसरा प्रश्न. वाटेत तंजावरला उतरलेल्या किती? बहुतेक हात खाली जातील. यात्रेची गाडी तिरुचीला श्रीरंगम दाखवते, मदुरैला मीनाक्षी दाखवते आणि पुढं पळते. तिरुचीपासून जेमतेम पंचावन्न-साठ किलोमीटरवरचं तंजावर राहून जातं. आणि तिथं तर शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ व्यंकोजीराजे आणि त्यांचे वंशज १८५५ सालापर्यंत, म्हणजे जवळजवळ एकशेऐंशी वर्षं, राज्य करून गेले.

आम्ही तिघी-चौघी गटांच्या मिळून बावीस जणी गेलो होतो. आधी एकदा यात्रा कंपनीच्या गाडीनं जाऊन आलेल्या काही जणी आमच्यात होत्या. त्यांचं म्हणणं एकच: पैसे आपले, पण कुठं किती वेळ थांबायचं ते ड्रायव्हर ठरवणार. पंधरा मिनिटांत दर्शन, वीस मिनिटांत जेवण, आणि सारखं "बायांनो, चला, उशीर होतोय." म्हणून या खेपेला ठरवलं की तिरुचीच्या लॉजवर सामान ठेवायचं आणि एक दिवस आपला आपण काढायचा. माणशी पाचशे रुपये, त्यात सगळं.

पहिली गोष्ट पक्की धरा. स्वस्तात फिरायचं म्हणजे उपाशी फिरायचं नाही. आपल्या बायकांची खोड आहे, पैसे वाचवायचे म्हटलं की पहिली कात्री स्वतःच्या पोटाला. घरून नेलेल्या चटणी-भाकरीवर दोन दिवस काढायचे, बाहेर चहासुद्धा घ्यायचा नाही, आणि मग उन्हात भोवळ. पैसा वाचतो तो वेळ सांभाळली की. लवकर निघालात तर रिक्षा लागत नाही, ऊन लागत नाही, बाटलीबंद पाणी कमी लागतं. उशीर झाला की प्रत्येक गोष्ट पैसे मागते.

तर हिशेब असा धरला. तिरुची ते तंजावर बसचं येणं-जाणं सव्वाशे. बस सारख्या सुटतात, दीड तासाच्या आतबाहेर पोचवतात. पॅसेंजर रेल्वेची वेळ जमली तर त्याहून कमी. सकाळचा नाश्ता साठ, दुपारचं जेवण शंभर-सव्वाशे, दोन वेळची कॉफी चाळीस, राजवाड्याची तिकिटं शंभर, आणि चपला, शौचालय, गजरा याला तीस. राहिलेले वीस हातात. रोख पैसे एकीकडंच ठेवू नका, दोघींत वाटा. आणि पाच-दहाची नाणी भरपूर घ्या. बसस्टँडवरच्या शौचालयात पाचशेची नोट दाखवून उपयोग नसतो, आणि त्याच वेळी घाई असते!

गावात फिरायला एक सोय आहे. तामिळनाडूत २०२१ सालापासून साध्या भाड्याच्या टाउन बसमध्ये बायकांना तिकिटाचे पैसे पडत नाहीत. कंडक्टर शून्य रुपयाचं तिकीट देतो. पण लांब पल्ल्याच्या गाड्यांना, एक्स्प्रेस, डिलक्सला हे लागू नाही, म्हणून चढायच्या आधी विचारायचं. तंजावरला दोन स्टँड आहेत, जुना आणि नवा. नवा गावाबाहेर आहे, तिथून टाउन बसनं जुन्या स्टँडला यायचं. पुढं मोठं देऊळ आणि राजवाडा, दोन्ही चालण्याच्या अंतरावर.

देवळात सकाळी सातच्या आत पाय ठेवा. कारण दगड. अनवाणी फिरायचं, आणि अकरानंतर अंगणातली फरशी तव्यासारखी तापते. शिवाय गाभारा दुपारी साडेबाराच्या सुमाराला बंद होतो तो चारला उघडतो. दर्शनाला तिकीट नाही.

बृहदीश्वराचं देऊळ राजराज चोळ राजानं बांधलं, १०१० साली पुरं झालं. म्हणजे हजार वर्षं उलटून गेली. शिखर साधारण दोनशे फूट उंच, सगळं ग्रॅनाइटचं. तिकडच्या मुलखाला लोक भाताचं कोठार म्हणतात, कावेरीचा गाळ, सपाट जमीन. असल्या जागी इतका दगड बाहेरूनच आणावा लागला. समोरचा नंदी एका दगडातला, माणसाच्या दुप्पट उंचीचा. तो मात्र चोळांचा नाही, नंतरच्या नायक राजांच्या काळातला. कोणी तुम्हाला सांगेल की या शिखराची सावली जमिनीवर पडतच नाही. पडते. आम्ही तिच्यातच बसून पाणी प्यायलो.

देवळाच्या जोत्यावर, भिंतींवर बारीक तमिळ अक्षरं कोरलेली दिसतील. आपल्याला वाचता येत नाहीत, पण काय लिहिलंय ते माहीत असावं. राजानं देवाला काय दिलं, त्याच्या थोरल्या बहिणीनं, कुंदवैनं काय दिलं, राण्यांनी काय दिलं, याची नोंद आहे. आणि देवळाच्या सेवेसाठी ठिकठिकाणच्या देवळांतून आणलेल्या चारशे बायकांची यादी आहे, नाचणाऱ्या, गाणाऱ्या. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, तिला कुठल्या आळीत कितवं घर दिलं, वर्षाला भात किती मिळणार, सगळं दगडात. आपल्यातल्या कितीतरी जणींचं नाव घराच्या उताऱ्यावर लागायला अजून तलाठ्याकडं खेपा घालाव्या लागतात. आता त्या बायका स्वतःच्या मर्जीनं आल्या होत्या की नाही, हे दगड सांगत नाही. पण नाव लिहिलंय.

मग अंगणाच्या नैर्ऋत्य कोपऱ्याकडं जा, म्हणजे देवळाकडं तोंड करून उभं राहिलं की मागच्या अंगाला डावीकडं. तिथं ओवरीच्या भिंतीवर आपली अक्षरं आहेत. मराठी, देवनागरीत. १८०३ साली दुसऱ्या सरफोजीराजांनी भोसले घराण्याचा सगळा इतिहास इथं कोरून घेतला. देशातल्या मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. बहुतेक पर्यटक तिथं फिरकतच नाहीत. फिरकले तरी त्यांना कळत नाही.

आम्ही तिथं पाऊण तास होतो. जुनी मराठी, अक्षरं सलग, शब्द तोडलेले नाहीत, त्यामुळं भराभर वाचता येत नाही. बोट धरून, एकेक अक्षर जोडत जावं लागतं. आमच्यातल्या एक काकू पन्नाशीला आल्यावर साक्षरता वर्गात लिहायला-वाचायला शिकल्या. त्यांना असं बोटानं वाचायची सवय आहे, म्हणून त्याच सगळ्यांच्या पुढं होत्या. शाळा शिकलेल्या आम्ही मागं. "हे बघा, शहाजी. हे बघा, शिवाजी." तिथला एक रखवालदार बघत उभा राहिला. त्यानं खुणेनं विचारलं, हे तुम्हाला वाचता येतं? काकूंनी मान डोलावली.

देवळातून राजवाडा दीड-एक किलोमीटर. सकाळी दहाच्या आत चाललात तर सोपं. वाटेत नाश्ता. साध्या टिफिन हॉटेलात शिरा, जिथं तिथलीच माणसं उभी आहेत. इडली, वडा, आणि पोंगल जरूर खा. तांदूळ आणि मूगडाळीची मऊ खिचडी, वर तूप, मिरी, जिरं. तिखट न चालणाऱ्या म्हाताऱ्या बाईलाही चालते, आणि दुपारपर्यंत पोटाला आधार राहतो.

राजवाड्याचं आवार मोठं आहे आणि आत वेगवेगळ्या गोष्टींची वेगवेगळी तिकिटं निघू शकतात. दारातच विचारून घ्या, सुट्टीचा वारही आदल्या दिवशी विचारा. दोनच गोष्टी बघायच्या ठरवल्या तर पुरे. एक, चोळ काळातल्या पंचधातूच्या मूर्तींचं दालन. दुसरं, सरस्वती महाल ग्रंथालयाचं छोटं संग्रहालय. ग्रंथालय नायक राजांच्या वेळचं, पण वाढवलं सरफोजींनी. ताडपत्रांवरच्या, कागदांवरच्या हजारो पोथ्या, संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी, शिवाय मोडीतली दफ्तरं. सरफोजी डोळ्यांच्या रोग्यांवर उपचार करवून त्यांची टिपणं चित्रांसकट ठेवायचे, तीही इथलीच. आणि आपल्या कामाची गोष्ट: त्यांच्या मुदपाकखान्यातल्या पदार्थांची पोथी या ग्रंथालयात आहे, शरभेंद्र पाकशास्त्र नावाची, मराठीतली. राजाच्या घरी लिहून ठेवलं. आपल्या आयांनी हातानंच शिकवलं, कागदाला कधी लावलं नाही.

आता जेवण. पाटी शोधायची ती 'मील्स'ची, तोंडी 'सापाडु'. साधारण बारा ते तीन. केळीचं पान समोर येतं, त्यावर पाणी शिंपडून ते आपणच पुसायचं. मग भाज्या, पापड, आणि मधोमध भाताचा ढीग. आपल्याला सवय एकदम सगळं कालवायची. इथं तसं नाही. पहिला भात सांबारबरोबर, दुसरा रसमबरोबर, शेवटचा ताकाबरोबर किंवा दह्याबरोबर. पहिल्याच भाताला पोट भरलंत तर रसम वाया जातं, आणि खरी चव रसमचीच. वाढपी फिरत राहतो. बास म्हणायला 'पोदुम'. नको म्हणायला 'वेंडाम'. पाणी 'तण्णी'. किती रुपये, 'एव्वळवु'. आणि बाईमाणसाला हाक मारायला शब्द शिकावाच लागत नाही, तिथंही 'अक्का'च. एक सांगून ठेवतो, अनलिमिटेड जेवण एकाच्या पैशात दोघींनी खाता येत नाही, हॉटेलवाला ओरडतो आणि बरोबर ओरडतो. कमी खाणारीनं सांबारभात किंवा दहीभाताची प्लेट घ्यावी, निम्म्या पैशात भागतं.

सांबारावरून तिथं एक गोष्ट सांगतात. तंजावरच्या मराठी राजाच्या स्वयंपाकघरात आमटीला आमसूल नव्हतं म्हणून चिंच घातली, आणि पाहुणे आलेल्या संभाजीराजांवरून तिला सांबार नाव पडलं. लेखी पुरावा कोणी दाखवत नाही. गोष्ट म्हणून ऐका, वाढप्याला ऐकवू नका.

याहून स्वस्त जेवायचं असेल तर अम्मा उणवगम विचारा. सरकारी खानावळी. २०१३ साली चेन्नईत सुरू झाल्या तेव्हा इडली एक रुपयाला, दहीभात तीन, सांबारभात पाच रुपयांना होता. आम्हाला जास्त कौतुक वाटलं ते याचं की तिथं स्वयंपाक करणाऱ्या, वाढणाऱ्या बायका बचत गटांच्या आहेत. पापड-लोणच्याच्या पुढं गट काय करू शकतो, हा आपल्या बैठकीतला नेहमीचा प्रश्न. शहराचा नाश्ता करू शकतो.

आणि हे तिथं नवं नाही. रामेश्वरच्या वाटेवर तंजावरच्या भोसल्यांनी अन्नछत्रं बांधली, तिकडं 'छत्रम' म्हणतात. कितीतरी छत्रांना घरातल्या स्त्रियांची नावं आहेत. ओरत्तनाडूचं मुक्तांबाळ छत्रम सरफोजींनी १८०२च्या सुमाराला उभं केलं. वाटसरूला जेवण मिळे, आजाऱ्याला औषध मिळे, वाटेत बाळंत झालेल्या बाईची देखभाल होई. म्हणजे आपल्या पणज्या-खापरपणज्यांपैकी कोणी पायी रामेश्वरला गेली असेल, तर ती कदाचित तिथं जेवली असेल.

दुपारी दोन ते चार पायपीट नको. सावली बघून बसा, हिशेब लिहून टाका. बाजार त्यानंतर. तंजावरची मान डोलावणारी बाहुली नातवंडांना आवडते, हलकी आहे, पण मातीची आणि कागदाच्या लगद्याची असते, साडीत गुंडाळून आणा. सोनेरी वर्खाची चित्रं डोळे दिपवतात. ती घेऊ नका, निदान त्या दिवशी तरी. खरी-खोटी कळायला वेळ लागतो. किंमत माहीत करून घ्यायची तर पूंपुहार या सरकारी दुकानात आधी डोकवा. मोगऱ्याचा गजरा घ्याच. तो हाताच्या मापानं मिळतो, कोपरापासून बोटांपर्यंत एक 'मुळम'. फुलवालीचा हात लांब असला तर आपला फायदा!

चारला देऊळ पुन्हा उघडतं. आता फरशी निवलेली असते आणि उन्हं तिरपी होऊन शिखराचा दगड मधासारखा दिसतो. गावातल्या बायका पोरांना घेऊन येतात, अंगणात गप्पा मारत बसतात. आम्हीही बसलो. कोणी "चला" म्हणणारं नव्हतं. मग पितळी वाटी-पेल्यातली कॉफी, रात्रीसाठी दहीभाताची पुडकी बांधून घेतली, आणि सातची बस धरली. माणशी चारशे सत्तर झाले होते. उरलेल्या तीस-तीस रुपयांचं काय करायचं यावर तिरुची येईपर्यंत वाद चालू होता. शेवटी ठरलं, गटाच्या खात्यात परत जमा करायचे नाहीत.