एल. ए. न्वार
१९४७ मधील लॉस अँजेल्सच्या गुन्हेगारीविश्वावर आधारलेला गुप्तपोलिसी व्हिडिओ खेळ. ‘न्वार’ म्हणजे काळा; दुसऱ्या महायुद्धकाळातील निराशेची छाया असलेल्या अमेरिकन गुन्हेपटांना फ्रेंच समीक्षकांनी ही संज्ञा दिली. त्या धर्तीवरील हा खेळ सिडनी येथील टीम बाँडी या संस्थेने तयार केला व रॉकस्टार गेम्सने तो मे २०११ मध्ये प्रकाशित केला. युद्धावरून परतलेला पोलीस कोल फेल्प्स हा त्याचा नायक. घटनास्थळी पुरावे शोधणे व जबान्या घेणे, ही खेळाची मुख्य अंगे होत. नटांचे चेहरे ३२ कॅमेऱ्यांनी टिपलेले असल्याने बोलणाऱ्याच्या मुद्रेवरून खेळाडूस सत्यासत्य ताडावे लागते. या नावीन्याचे स्वागत झाले. तथापि ‘सत्य’, ‘शंका’ व ‘असत्य’ या पर्यायांपैकी ‘शंका’ निवडताच फेल्प्स कित्येकदा साक्षीदारावर अनपेक्षितपणे खेकसतो. त्यामुळे आपल्या निवडीचा परिणाम आधी उमगत नाही, अशी खेळाडूंची तक्रार होती. पारख चुकली, तरी तपास पुढे सरकतोच, हाही एक आक्षेप. २०१७ च्या सुधारित आवृत्तीत हे पर्याय ‘भला पोलीस’, ‘कठोर पोलीस’ व ‘आरोप’ असे करण्यात आले. मुद्राभिनय हुबेहूब साधला, तरी खेळाडूचा हेतू नायकाच्या वाणीत उतरविणे किती अवघड असते, हे या बदलावरून दिसून येते.