काचपट्टीवरचे सादृश्य

१९५६ पर्यंत नागपूरच्या अमलाखाली असलेल्या दुर्ग जिल्ह्यात, आणि त्याच्याच कुशीत पोलाद कारखान्याभोवती वाढलेल्या भिलाईत, तंबाखू व गुळाचा गुडाखू हिरड्यांना चोळण्याची सवय स्त्रियांतही खोल रुजलेली असल्यामुळे, तोंडातला पांढरा चट्टा किंवा न भरणारा व्रण तेथील दंतवैद्यांच्या नित्य परिचयाचा आहे. आणि अशा व्रणाचा तुकडा, मग तो सेक्टर ९ च्या जवाहरलाल नेहरू रुग्णालयात तपासला जावो की नागपुरात, एकदा सूक्ष्मदर्शकाखाली गेला की मिळेल तो निकाल अखेरचा, ही सुशिक्षितांतही प्रचलित असलेली समजूत मला फार घातक वाटते.

सूक्ष्मदर्शकातून पेशींचे रूप दिसते, आणि भिन्न रोग कित्येकदा एकच रूप धारण करतात. जिभेवरील ग्रॅन्युलर सेल ट्यूमर ही बहुधा निरुपद्रवी गाठ. परंतु तिच्यावरचे पेशींचे आवरण कधी कधी असे खोल उतरते, की तुकडा उथळ घेतला असेल तर तो कर्करोगच भासावा. १९७३ साली वर्णिलेला, नेक्रोटायझिंग सायलोमेटाप्लाझिया नावाचा टाळूवरील व्रण काही आठवड्यांत आपोआप भरून येतो, तरी त्याला कर्करोग समजून मोठ्या शस्त्रक्रिया झाल्याची उदाहरणे वैद्यकीय दप्तरी नमूद आहेत.

जबड्याच्या हाडातील महापेशींची गाठ तर याहून बोधप्रद. ती केवळ स्थानिक असू शकते, किंवा मानेतील परावटू ग्रंथीच्या अतिस्रावामुळे उद्भवलेली असू शकते. काचपट्टीवर दोहोंत तिळमात्र भेद दिसत नाही, आणि निवाडा होतो तो रक्तातील कॅल्शियम व परावटू संप्रेरक मोजून. दोष ग्रंथीत असेल, तर तिच्यावर उपचार होताच जबड्यातील गाठ बहुधा ओसरू लागते. रक्त न तपासता जबडा कोरणाऱ्याच्या हाती मात्र काही लागत नाही.

तुकडा काढल्याने कर्करोग पसरतो, या भीतीला आधार नाही. विलंब मात्र खचित घातक ठरतो. ‘कर्करोग आढळला नाही’ हा शेरादेखील त्या तुकड्यापुरताच खरा असतो. व्रणाच्या सडलेल्या मध्यातून तो घेतला असेल, तर कडेला दडलेला रोग निसटतो. म्हणून विकृतिशास्त्रज्ञाने पुन्हा, अधिक खोल तुकडा मागितला, तर ते त्याचे अज्ञान न समजता सावधगिरी समजावी.

टाटा स्मारक रुग्णालयातील वसंत रामजी खानोलकरांनी १९४५ मध्येच, खैनी ओठाआड धरण्याची सवय आणि ओठाचा कर्करोग यांचा संबंध मांडला होता. तरीही तुकड्यासोबत जाणाऱ्या अर्जावर रुग्णाचे वय, व्रणाची नेमकी जागा आणि मुदत, गुडाखूची सवय, क्ष-किरण चित्रातील नोंद हे रकाने आजही कोरे सोडले जातात. फोडांच्या विकारात तर एक तुकडा फॉर्मालिनमध्ये आणि दुसरा त्याविना, वेगळ्या द्रवात पाठवावा लागतो, कारण प्रतिदीप्ती तपासणीस फॉर्मालिनमधला तुकडा निरुपयोगी ठरतो. आणि ही खबरदारी बाटलीचे झाकण लावण्यापूर्वीच घ्यावी लागते.