किनारा निवडताना आधी घरातली माणसं मोजा

ऊस कारखान्याला गेलेला असतो, पोरांच्या परीक्षा आटोपलेल्या असतात आणि मृग निघायला अजून वेळ असतो. शेतकऱ्याच्या घराला वर्षातून एवढीच काय ती सवड. पूर्वी ही सवड मामाच्या गावात आणि लग्नाच्या वऱ्हाडात जायची. आता पोरं समुद्र मागतात. कोल्हापूर, सांगली, सातारा भागातून चार-पाच तास घाट उतरला की समुद्र लागतो, त्यामुळे मागणी काही वावगी नाही. पण कोणता किनारा, हे ठरवताना बहुतेक घरी एकच विचार होतो : शेजारचे कुठं गेले होते? तिथंच गडबड होते.

किनारा सगळ्यांना सारखा नसतो. गुडघे दुखणारी आई, पाच वर्षांचं नातवंड आणि पाण्यात उड्या मारायला आसुसलेली कॉलेजची पोरं, या तिघांची गरज तीन तऱ्हेची. म्हणून आधी घरातली माणसं मोजावीत आणि मग नकाशा उघडावा.

आंबा घाट उतरला की रत्नागिरी. कोल्हापूरहून हे अंतर साधारण १३० किलोमीटर. पुढे गणपतीपुळे. देऊळ अगदी वाळूला लागून, त्यामुळे म्हाताऱ्या माणसांना दर्शनही होतं आणि बसल्या जागी समुद्रही दिसतो. राहण्या-जेवण्याची सोय मुबलक. पण इथला किनारा एकाएकी खोल होतो, लाटेला जोर असतो. इथं पाय भिजवावेत, पोहण्याचा नाद करू नये.

पाटणवरून कुंभार्ली घाटाने चिपळूण आणि तिथून गुहागर. लांबच लांब, सरळ वाळू, मागे सुरूची झाडं आणि नारळी-पोफळीच्या वाड्या. गावात व्याडेश्वराचं जुनं देवस्थान. गर्दी नको, पोरांना वाळूत मोकळं सोडायचंय, अशा घराला हे गाव सोसतं.

गगनबावडा किंवा फोंडा घाटाने उतरलं की सिंधुदुर्ग. १९९७ साली हा पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. देवगडजवळचं कुणकेश्वर म्हणजे शंकराचं देऊळ आणि समुद्र शेजारी-शेजारी. मालवणला गेलात तर शिवाजी महाराजांनी १६६४ साली बांधायला घेतलेला सिंधुदुर्ग किल्ला, आणि जवळच तारकर्ली-देवबाग. एका अंगाला कर्ली नदी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र अशी ही जमिनीची पट्टी. पोरासोरांना होडी, किल्ला, मासे सगळं एका जागी मिळतं. मात्र मे महिन्यात गर्दी आणि भाव दोन्ही चढे. आंबोलीने खाली गेलात तर वेंगुर्ला आणि शिरोडा. १९३० साली मिठाचा सत्याग्रह झाला ते हेच शिरोडं. मालवणपेक्षा इथं निवांतपणा जास्त.

आता मुख्य गोष्ट पाण्याची. विहिरीत पोहणारा माणूस समुद्रात पोहू शकतो, हा आपल्याकडचा मोठा गैरसमज आहे. विहिरीचं पाणी एका जागी उभं असतं, समुद्राचं पाणी माणसाला घेऊन जातं. लाटांनी किनाऱ्यावर आलेलं पाणी एखाद्या खोलगट वाटेनं परत आत धावतं. कोकणातली माणसं त्याला ओढ म्हणतात. फसवणूक अशी, की जिथं ओढ असते तिथं लाटा कमी फुटतात, पाणी शांत दिसतं आणि नवखा माणूस नेमका तिथंच उतरतो. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नये, दम संपतो. किनाऱ्याला समांतर, आडवं पोहत ओढीच्या बाहेर पडावं आणि मग वाळूकडे यावं. पोहता येत नसेल तर अंग सैल सोडून तरंगत राहावं आणि हात वर करून हाका माराव्यात.

१ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाची चौदा मुलं-मुली बुडाली. सहलीला गेलेली, धडधाकट पोरं होती. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीजवळ पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला. हे भीती घालायला सांगत नाही. होडीत बसताना आधी प्रत्येकाच्या अंगावर लाइफ जॅकेट चढलं का ते बघावं, लहानांना त्यांच्या मापाचं मिळालं का ते बघावं, आणि माणसं जास्त भरली असतील तर सरळ उतरून यावं. पैसे गेले तरी चालतील.

भरती-ओहोटी ओळखायला मोबाइल लागतोच असं नाही. घरातलं कॅलेंडर पुरतं. कोळ्यांचा जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट करा, ती भरतीची वेळ. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे आणि दुपारी तीनच्या सुमारास पूर्ण भरती आणि नऊच्या सुमारास पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला. वद्य पक्षात पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. हा हिशेब ढोबळ आहे. मुंबईकडे तो बरा जुळतो, खाली मालवणकडे भरती थोडी आधी येते. म्हणून गावात विचारून खात्री करावी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, ती त्यामानाने सौम्य. लेकरं बरोबर असतील तर उधाणाचे दिवस टाळलेले बरे. ओहोटीच्या पाण्यात शिरू नये आणि भरती चढताना खडकावर जाऊ नये, एवढं पाठ केलं तरी पुष्कळ झालं.

तारीख ठरवताना मेचा शेवटचा आठवडा नको. पावसाआधीच वारा फिरतो, दर्या खवळतो, किल्ल्याच्या होड्या आणि पाण्यातले खेळ बंद होऊ लागतात. १ जूनपासून दोन महिने मासेमारीलाही बंदी असते. एप्रिलची अखेर ते मेचा मध्य हा काळ उत्तम. त्यातही शनिवार-रविवार सोडून मंगळवार-बुधवार धरला तर खोलीही मिळते आणि घासाघीसही करता येते. आपल्याला कुठं हापिसाची रजा काढायचीय?

खर्चाचं म्हणाल तर एसटी आहे. २०२३ पासून महिलांना अर्धं तिकीट लागतं, पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना प्रवास मोफत. राहायला मोठं हॉटेल हवंच असं नाही. किनाऱ्यावरच्या कितीतरी घरांनी दोन-तीन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्या आहेत, जेवणही घरचंच. जाण्याआधी फोनवर चार गोष्टी विचाराव्यात : खोलीपासून वाळू किती लांब, म्हाताऱ्यांना चढ-उतार किती, जेवण माणशी की ताटाप्रमाणे, आणि प्यायच्या पाण्याची सोय काय. मे महिन्यात कोकणातल्या विहिरीही तळ गाठतात, तेव्हा पाणी आपल्या घरच्यासारखंच जपून वापरावं. मासळीचा भाव रोज बदलतो, ताट मागवण्याआधी तो विचारण्यात कमीपणा नाही.

तिथला घरमालकही बहुधा शेतकरीच असतो. त्याची कलमं, त्याच्या पोफळी हेच त्याचं पीक. आपल्या उसात कुणी शिरून कांडं मोडली तर आपल्याला जसं लागतं, तसंच त्याला झाडावरचा आंबा तोडलेला लागतो. आंबा हवा तर बागेतूनच पेटी घ्यावी. त्यालाही दोन पैसे जास्त मिळतात आणि आपल्यालाही खात्रीचा हापूस मिळतो.

किनाऱ्यावर पोचल्यावर सामान खोलीत टाकून पोरं धावत सुटतील. त्यांना थांबवावं आणि आधी तिथल्या एखाद्या कोळ्याला किंवा जीवरक्षकाला विचारावं, आज पाणी कसं आहे. तो नको म्हणाला तर त्या दिवशी वाळूतच किल्ले बांधावेत.