स्मारकशिलेची साक्ष

नंदुरबारचें हुतात्मा स्मारक पाहणाऱ्या संशोधकानें खडकीची युद्धदफनभूमिही अवश्य पाहावी. म्हणजे शिलेची साक्ष कोठवर धरावी हें उमगतें. खडकीस दुसऱ्या महायुद्धांतील १,६६८ थडगीं आहेत. पश्चिम व मध्य हिंदुस्थानांत जेथें कायमची निगा राखणें शक्य नव्हतें, तेथील थडगीं येथें हलविलीं. अर्थात् थडगें हा मृत्युस्थळाचा पुरावा नव्हे. नंदुरबारीं याच्या उलट. ता. ९ सप्टेंबर १९४२ रोजीं मिरवणुकीवरील पोलिसांच्या गोळीबारांत शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर व घनश्यामदास शहा हे पांच कुमार पडले. त्यांचें स्मारक तेथील माणिक चौकांतच उभें आहे. सबब लेखाची नक्कल उतरतांना मृत्युस्थान, दफनस्थान व शिलास्थान निरनिराळीं नोंदावीं. नाहीं तर मनुष्य भलत्याच गांवीं मेल्याचा इतिहास मागें राहील.